मान्झानारचा पांढरा स्तंभ
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणावरून)



आम्ही काही विद्वान नाही. गिरणीत पाळ्या करता करता जे वाचलं, त्यातली एक हकीकत आपल्यापुढे ठेवतो.

७ डिसेंबर १९४१ ला जपानने अमेरिकेच्या पर्ल हार्बरवर हल्ला केला. त्याचा राग निघाला तो अमेरिकेतच राहणाऱ्या जपानी वंशाच्या लोकांवर. बौद्ध धर्मगुरूंपैकी पुष्कळांना तर लगेचच उचललं. १९ फेब्रुवारी १९४२ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम काढला आणि सुमारे १,२०,००० माणसं, बायकापोरांसकट, काटेरी तारेआड कोंडली. त्यातले दोनतृतीयांश अमेरिकेचेच नागरिक! ना गुन्हा, ना खटला. कुठल्या घरात जन्मलात एवढ्यावरून शिक्षा. हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

कॅलिफोर्नियात मान्झानार नावाची ओसाड जागा आहे. तिथल्या छावणीत दहा हजारांवर माणसं होती. त्यातली दीडशेच्या आसपास तिथेच मेली. त्यांच्यासाठी ऑगस्ट १९४३ मध्ये दफनभूमीत पांढरा स्तंभ उभा राहिला. घरटी १५ सेंट वर्गणी. गवंडीकाम र्योझो कादो यांचं, ते कॅथलिक ख्रिश्चन. वरची अक्षरं बौद्ध धर्मगुरू शिंजो नागातोमी यांची. या विहारासाठी पावतीपुस्तक घेऊन ज्यांनी दारोदार जिने चढले, त्यांना त्या १५ सेंटांची किंमत कळेल.

त्या अक्षरांचा अर्थ, मृतात्म्यांना शांती देणारा मनोरा. आता कोणी विचारील, आणि विचारावंच, की आपण आत्मा मानत नाही, बावीस प्रतिज्ञांत बाबासाहेबांनी श्राद्ध-पिंडदान सोडायला लावलं, मग ह्याचं कौतुक कशाला? आमचं म्हणणं, शब्दाशी भांडू नका, काम बघा. सरकारने ज्या कुटुंबांना नुसते नंबर दिले, त्यांच्यातल्या मेलेल्यांची माणूस म्हणून आठवण ठेवली. कादोंनी दगड रचताना आधी धर्म विचारला नाही. आणि आपल्या वस्तीत शोकसभेचा माइक कुठल्या गटाकडे, यावरून भांडणं होतात! असो.

१९४५ ला छावणी बंद झाली. सुटलेली माणसं गप्प बसली. पुष्कळांनी पोटच्या पोरांनाही काही सांगितलं नाही. मात्र दोघं जण दरवर्षी त्या स्तंभापाशी जात राहिले. बौद्ध धर्मगुरू सेंतोकु मायेदा आणि ख्रिश्चन पाद्री शोइची वाकाहिरो. ना सभा, ना हार. डिसेंबर १९६९ मध्ये कडाक्याच्या थंडीत सुमारे १५० लोक तिथे गेले, त्यात तरुण पुष्कळ. त्यांना वाटलं, आपणच पहिले. तेव्हा कळलं, की हे दोघे म्हातारे छावणी बंद झाल्यापासून येतायत!

तेव्हापासून दरवर्षी यात्रा भरू लागली. स्तंभापुढे बौद्ध आणि ख्रिश्चन मिळून प्रार्थना करतात. हीच तरुण पिढी पुढे सरकारशी भांडली. १९८८ मध्ये कायदा झाला, सरकारने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर भरपाई ठरली. मायेदा-वाकाहिरो तिथे गेलेच नसते, तर त्या पोरांना वाट दाखवायला कोण होतं?

२०२२ मध्ये सगळ्या छावण्यांतल्या लोकांच्या नावांचा एक मोठा ग्रंथ तयार झाला. त्यात १,२५,२८४ नावं आहेत. नातवंडं-पतवंडं येतात, आपल्या माणसाचं नाव शोधतात आणि त्याखाली एक छोटा शिक्का उठवतात.

जयभीम!