'हाय नून': चर्चमधल्या बाकावर बसून

आज एका जुन्या, कृष्णधवल वेस्टर्नबद्दल बोलायचंय. 'हाय नून', 1952 सालचा, दिग्दर्शक फ्रेड झिनेमन. सिनेमा फक्त 85 मिनिटांचा आहे, त्यामुळे बघितला नसेल तर आधी बघून या. कारण मी शेवट सांगणार आहे.

गोष्ट साधी आहे. हॅडलीव्हिल नावाच्या छोट्या गावाचा मार्शल विल केन, म्हणजे गॅरी कूपर. आज सकाळीच त्याचं लग्न झालंय आणि आजच तो नोकरी सोडून बायकोबरोबर दुसरीकडे राहायला निघालाय. तेवढ्यात तार येते. त्यानेच तुरुंगात पाठवलेला फ्रँक मिलर सुटलाय आणि बाराच्या गाडीने येतोय. मिलरचे तीन साथीदार स्टेशनवर वाट बघत बसलेत. केन गावाबाहेर पडतो, पण थोडं अंतर गेल्यावर बग्गी वळवून परत येतो. मग तो गावभर माणसं मागत फिरतो. भिंतीवरची घड्याळं पुढे सरकत राहतात. कुणी येत नाही.

मी हा सिनेमा पहिल्यांदा हॉस्टेलवर बघितला, बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला. आम्ही चौघीजणी होतो. आमचं एकमत झालं की बोअर आहे. 'हा बाबा गोळ्या कधी झाडणार?' वेस्टर्न म्हणजे घोडे, धूळ आणि धडाधड गोळीबार, आणि इथे नायक घामाघूम होऊन दारं वाजवतोय. गोळीबार येतो तो अगदी शेवटी.

गंमत म्हणजे जॉन वेनलासुद्धा हा सिनेमा आवडला नव्हता. त्याचं कारण आमच्यापेक्षा खोल होतं. पटकथालेखक कार्ल फोरमन याला 1951 मध्ये, सिनेमाचं काम चालू असतानाच, अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीने बोलावलं होतं. तो काळ कम्युनिस्ट शोधून काढण्याचा. फोरमन पूर्वी पक्षाचा सभासद होता, पण इतरांची नावं सांगायला त्याने नकार दिला. कालपर्यंतचे मित्र टाळायला लागले. शेवटी काळ्या यादीमुळे तो इंग्लंडला गेला. गावाने एकटं पाडलेला माणूस त्याने लिहिला, तेव्हा त्याला तो कुठून मिळाला हे वेगळं सांगायला नको. वेन दुसऱ्या बाजूला होता. फोरमनला देशाबाहेर घालवायला मदत केली याचा आपल्याला पश्चात्ताप नाही, असं त्याने 1971 च्या एका मुलाखतीत सांगितलं.

त्याच मुलाखतीत तो म्हणाला की शेवटी कूपर मार्शलचा बिल्ला पायाखाली तुडवतो. मी ते दृश्य तीनदा मागे घेऊन बघितलं. कूपर बिल्ला काढतो, धुळीत टाकतो, बग्गीत बसतो आणि निघून जातो. पाय ठेवत नाही. वेनला राग इतका आला होता की त्याच्या आठवणीतला सिनेमाच बदलला! आणि याच वेनने 1953 च्या ऑस्कर सोहळ्यात, कूपर हजर नसल्यामुळे, याच भूमिकेचं बक्षीस त्याच्या वतीने घेतलं होतं.

हॉवर्ड हॉक्स या दिग्दर्शकाची तक्रार वेगळी होती. चांगला शेरीफ असा सैरभैर होऊन लोकांकडे मदत मागत हिंडेल का? आणि शेवटी त्याला वाचवणार कोण, तर हिंसा न मानणारी त्याची क्वेकर बायको? म्हणून त्याने वेनला घेऊन 1959 मध्ये 'रिओ ब्राव्हो' काढला. त्यातला शेरीफ सामान्य लोकांची मदत नाकारतो. त्याच्याबरोबर कोण असतं? एक दारुडा, एक लंगडा म्हातारा आणि एक कोवळा पोरगा. आता 'हाय नून' आठवा. केनकडे आपणहून येतात ते एक एकाक्ष दारुडा आणि एक चौदा वर्षांचा मुलगा, आणि केन दोघांनाही परत पाठवतो. म्हणजे उत्तर म्हणून काढलेल्या सिनेमानेही मदतीला येणारी माणसं जवळजवळ तीच मानली. गावातली प्रतिष्ठित मंडळी दोन्हीकडे नाहीत.

आणखी एक प्रेक्षक म्हणजे पोलंड. 4 जून 1989 च्या निवडणुकीसाठी सॉलिडॅरिटीने एक पोस्टर काढलं. त्यावर चालत येणारा गॅरी कूपर, छातीवर सॉलिडॅरिटीचं चिन्ह, हातात मतपत्रिका. सिनेमात एकटा पडलेला माणूस तिथे सगळ्यांना घराबाहेर बोलवत होता.

तर इतकी मतं. माझं मत बदललं ते दोन वर्षांपूर्वी, आणि त्याचं कारण सिनेमाबाहेरचं आहे.

माझ्या आधीच्या कंपनीत टीममधला एक सीनियर टेस्टर रिलीज थांबवा म्हणत होता. पैशांच्या हिशोबात चूक होती, त्याच्याकडे पुरावे होते. मीटिंगच्या आधी चहाच्या टपरीवर आम्ही पाच जण त्याला म्हणालो, 'तुझं बरोबर आहे, बोल तू.' मीटिंगमध्ये तो बोलला. मग मॅनेजरने विचारलं, आणखी कुणाला काही अडचण वाटते का? मी लॅपटॉपमध्ये बघत राहिले. पुढच्या महिन्यात अप्रेझल होतं. शिवाय मनात म्हटलं, हा जरा हट्टीच आहे. रिलीज गेलं, चूक निघाली, रात्री जागून आम्हीच निस्तरली. तोवर त्याने राजीनामा दिला होता. शेवटच्या दिवशी ओळखपत्र जमा करून, सगळ्यांशी हात मिळवून तो गेला. धुळीत फेकलं असतं तर मला जरा बरं वाटलं असतं.

त्यानंतर 'हाय नून' पुन्हा लावला आणि चर्चच्या प्रसंगापाशी थांबले. केन आत येतो, मदत मागतो. चर्चा सुरू होते, आणि प्रत्येकाचा मुद्दा ऐकला तर पटतो. कुणी म्हणतं, हे केन आणि मिलरचं वैयक्तिक भांडण आहे. कुणी म्हणतं, आम्ही कर भरतो तो कशासाठी? एक बाई उठून सगळ्यांना खडसावते. मग हेंडरसन नावाचा भला माणूस बोलतो, केनचं तोंडभरून कौतुक करतो. आपल्याला वाटतं, आला हा बाजूला. आणि तो शेवटी म्हणतो, गावात बाहेरचा पैसा येऊ घातलाय, रस्त्यात गोळीबार झाला तर तो जाईल. विल, तू निघून जा, तेच सगळ्यांच्या भल्याचं. तो आवाज मला ओळखीचा वाटला. टपरीवर मी तशीच बोलले होते.

शेवटी गोळीबार संपल्यावर गावकरी घरांतून बाहेर येऊन गोळा होतात. केन त्यांच्याशी एक शब्दही बोलत नाही. हॉस्टेलवर मला ते कंटाळवाणं वाटलं होतं. आता तेवढा भाग बघवत नाही.

त्या सहकाऱ्याला मी मागच्या महिन्यात फोन केला. माफी मागितली. तो म्हणाला, 'अगं, एवढं काय त्यात.' मग आम्ही वीस मिनिटं पुण्याच्या ट्रॅफिकवर बोललो.

सिनेमा बघितलात तर चर्चमधलं कोण तुम्हाला ओळखीचं वाटलं, ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.