उतारावरचा ट्रॅक्टर आणि चालकाचा जीव

उतारावर ट्रॅक्टर उलटून माणूस दगावला की चालवणाऱ्याचीच चूक झाली, असे आपण म्हणतो. स्वीडनचा अनुभव वेगळे सांगतो. तिथे १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर चालकाच्या बैठकीभोवती पोलादी संरक्षक चौकट सक्तीची झाली. १९५७ साली दर लाख ट्रॅक्टरांमागे उलटण्याने सुमारे १७ मृत्यू होत. १९९० पर्यंत हे प्रमाण ०.३ वर आले. त्याच काळात चौकट असलेले ट्रॅक्टर शंभरातले ६ होते, ते ९३ झाले. जमीन तीच राहिली, माणसाच्या हातून चुकाही होतच राहिल्या. जीव वाचवले ते चौकटीने.

कौशल्य कमी पडते, याचे कारण यंत्राच्या घडणीत आहे. ट्रॅक्टरचा भार उंचावर तोललेला असतो. आडव्या उतारावर वरचे चाक दगडावर चढले किंवा खालचे खड्ड्यात गेले, की तोल चाकांच्या बाहेर जातो. चढावर ओझे ड्रॉबारपेक्षा उंच जागी जोडले, तर पुढची चाके उचलली जातात आणि पाऊण सेकंदातच ट्रॅक्टर सावरण्यापलीकडे जातो. धोका ओळखून क्लच दाबायला निष्णात चालकालाही एवढा वेळ पुरत नाही.

कोणी म्हणेल, सीट बेल्ट बांधला तर ट्रॅक्टर उलटताना अडकून पडू, त्यापेक्षा उडी मारू. पण उडी मारणारा अनेकदा कलंडणाऱ्या ट्रॅक्टरखालीच सापडतो. चौकट असेल तर बेल्ट माणसाला तिच्या आत, सुरक्षित जागेत धरून ठेवतो. चौकट नसेल तर मात्र बेल्ट बांधू नये. बागेत चौकट फांद्यांना अडते, ही अडचण खरी आहे. तिच्यासाठी दुमडणारी चौकट मिळते. झाडांखालून बाहेर पडताच ती उभी करावी. खर्च वाचवायला गावात वेल्डिंग करून घेतलेल्या चौकटीवर विसंबू नये. ट्रॅक्टरचा भार पेलते की नाही, याची तिची चाचणी झालेली नसते.

चौकट आली म्हणून सावधगिरी सोडायची नाही. रस्त्यावर दोन्ही ब्रेक जोडलेले ठेवा, लोडरची बकेट खाली ठेवा, मडगार्डवर कोणालाही बसवू नका. बसून चालवायचे गवत कापण्याचे यंत्र उतारावर आडवे न फिरवता वर-खाली चालवा. आणि नवा ट्रॅक्टर घेताना किमतीआधी विक्रेत्याला विचारा: चाचणी झालेली चौकट आणि बेल्ट यावर आहेत का?