चित्र बँडवर वाजवायचं तर



आत येताना तुमच्या शाळेचं चित्रप्रदर्शन पाहिलं आणि लगेच मैदानावर बँडची सलामी ऐकली. मी फुंकवाद्यांसाठी रचना करतो. म्हणून या दोन्हींना जोडणाऱ्या एका रचनेविषयीच बोलतो.

व्हिक्टर हार्टमान हा रशियन वास्तुविशारद आणि चित्रकार 1873 मध्ये अकाली गेला. पुढच्या वर्षी सेंट पीटर्सबर्गला त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. त्यानंतर त्याचा मित्र, संगीतकार मुसोर्गस्की याने जूनमध्ये त्या चित्रांवर पियानोसाठी ‘पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन’ लिहिलं. 1922 मध्ये फ्रेंच संगीतकार राव्हेलने ते ऑर्केस्ट्रासाठी बांधलं. आज जगभरचे बँडही ते वाजवतात.

त्यातलं पोलिश बैलगाडीचं चित्र माझं सर्वांत आवडतं. खालचे जड सूर एकसारखे हिंदकळत राहतात, ती चाकं. वरची धून राव्हेलने ट्यूबा या खर्जाच्या फुंकवाद्याला दिली, तीही इतक्या वरच्या सुरांत की पुष्कळदा ती त्याहून लहान अशा युफोनियमवरच वाजवतात. वादकाला दम लागतो आणि बैलांचे कष्ट त्या दमातून ऐकू येतात. पियानोवर हे होत नाही, कारण पियानोला श्वास घ्यावा लागत नाही.

राव्हेलची गाडी दुरून हळू आवाजात येते, समोरून धडधडत जाते, लांब विरते. मुसोर्गस्कीच्या हस्तलिखितात मात्र ती पहिल्याच सुराला पूर्ण आवाजात अंगावर येते! हळू सुरुवात आली ती संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्हने संपादित केलेल्या छापील प्रतीतून. मला मूळच जास्त धीट वाटतं. पण गाडी तीच असून पाहणारा कुठे उभा आहे एवढं बदललं, तर सगळं संगीत बदललं.

चित्रांच्या मधे मुसोर्गस्कीने या पाहणाऱ्याचं चालणंही लिहिलंय. कधी पाच मात्रा, कधी सहा. दालनात रेंगाळणारा माणूस कवायतीच्या तालात चालत नाही ना!

चित्रावरून संगीत रचताना नवशिके निळ्या रंगाला कोणता सूर, इथून सुरुवात करतात. तसं करू नका. आधी चित्रासमोर भरपूर वेळ उभे राहा, आपण कुठून पाहतोय ते ठरवा आणि मगच वाद्य निवडा.

संगीताच्या सरांना माझी विनंती आहे. पुढच्या संमेलनासाठी प्रदर्शनातलं एकच चित्र निवडा आणि बँडमधल्या मुलांनाच त्यावर दोन-तीन मिनिटांची रचना करू द्या. चित्र काढणाऱ्या विद्यार्थ्याला तालमीला जरूर बोलवा. मलाही बोलवा, मी येईन.