शिक्षकाचा दिवस आणि कान्हेरीची पोढी

(बोरीवली येथील कान्हेरी लेण्यांच्या शैक्षणिक सहलीत शिक्षण विस्तार अधिकारी यांनी केलेले भाषण)



सकाळपासून आपण या डोंगरावर पुष्कळ चढउतार केली आहे. डबे उघडण्याची वेळ होत आली आहे आणि आपल्यापैकी काहींचे लक्ष माझ्यापेक्षा त्या पिशव्यांकडे अधिक आहे, हे मला दिसते. ते योग्यच आहे. म्हणून मी फार वेळ घेणार नाही.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'शिक्षकांचे आरोग्य' असा छापला आहे. विषय मोठा आहे आणि मी काही वैद्य नव्हे. तेव्हा त्यातील एकच प्रश्न मी आपल्यापुढे ठेवते. शाळेचे काम, वेळेवरचे जेवण, शरीराची हालचाल आणि मनाला आवडणारा एखादा छंद, या चारही गोष्टी शिक्षकाच्या एका दिवसात कशा बसावयाच्या? "वेळच मिळत नाही," हे त्याचे नेहमीचे उत्तर. ते उत्तर मीही कित्येक वर्षे देत आले. ते पुरते खरे नाही, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. आणि ते का, हे सांगावयास या जागेहून चांगली जागा मला सुचली नाही.

मघाशी आपण काय पाहिले ते आठवा. या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास येथील कोरीवकामास आरंभ झाला आणि सुमारे एक हजार वर्षे येथे भिक्षूंची वस्ती नांदली. तिसऱ्या क्रमांकाचा भव्य चैत्य पाहून आपण सारे स्तिमित झालो. परंतु माझी आपणास विनंती आहे की, उतरताना त्या लहान लहान खोल्या पुन्हा एकदा पाहाव्यात. प्रत्येक विहारात काय आहे? पुढे ओसरी, आत निजावयास दगडाचा ओटा, आणि बाहेर पाण्याची पोढी, म्हणजे खडकात कोरलेले टाके. पावसाचे पाणी त्या पोढीत यावे म्हणून कातळावर कोरलेल्या पन्हळीही आपण पाहिल्या. अकराव्या क्रमांकाच्या लेण्यात, ज्याला दरबार म्हणतात, दोन लांब बुटके दगडी बाक आहेत. सभेसाठी, पठणासाठी अथवा पंगतीसाठी त्यांचा उपयोग होत असावा, असे अभ्यासक मानतात.

भिक्षूंच्या दिनक्रमाचे नियम कडक होते. भोजन मध्यान्हापूर्वी. चंक्रमण, म्हणजे ठरलेल्या जागी ये-जा करीत चालणे, हा साधनेचाच एक भाग. पावसाळ्यात भ्रमण बंद आणि एके ठिकाणी वर्षावास. परंतु माणूस नुसत्या नियमावर जगत नाही, हे त्या काळच्या लोकांना ठाऊक होते. येथील शिलालेख वाचणाऱ्या विद्वानांनी दाखवून दिले आहे की, कल्याणच्या एका सोनाराने येथे पाण्याची पोढी दान दिली. सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी देणग्या दिल्या. आणि कोणी भिक्षूंच्या वस्त्रांसाठी, कोणी पादत्राणांसाठी कायमची रक्कम ठेवून दिली. अंगावरचे चीवर आणि पायातील वहाण यांचीही तरतूद दगडावर कोरून ठेवली गेली!

मला येथे एक धडा दिसतो. तहान लागल्यावर पोढी कोरता येत नाही. जे रोज लागणार आहे, त्याची जागा आधीच ठरवून ठेवावी लागते. आपल्या दिवसात शाळेच्या कामाची जागा ठरलेली आहे. घंटा वाजते आणि आपण उभे राहतो. जेवण, चालणे आणि छंद यांची जागा मात्र आपण 'उरलेल्या वेळात' ठेवतो. आणि वेळ कधीच उरत नसतो.

आता थोडे माझ्याविषयी सांगते. स्वतःची गोष्ट भाषणात सांगू नये असे आम्हांला अध्यापक विद्यालयात शिकविले होते. आज तो नियम मोडते.

मी बोरीवलीस राहते आणि आपल्यापैकी अनेकांप्रमाणे पहाटेच्या गाडीने उत्तरेकडे जाते. विस्तार अधिकारी झाल्यापासून कित्येक वर्षे माझा क्रम असा होता : घरून निघताना एक कप चहा, मग शाळाभेटी, दुपारी तीनपर्यंत पोटात काही नाही, आणि रात्री बोरीवली स्थानकावर उतरल्यावर भूक अनावर झाली की दोन वडापाव. प्रवासात अडचण नको म्हणून पाणीसुद्धा मोजून पीत असे. येथे बसलेल्या भगिनींना मी काय म्हणते ते अधिक सांगावयास नको. घरी एक पेटी होती. वडिलांनी घेऊन दिलेली. विवाहापूर्वी मी नियमाने वाजवीत असे. एकदा दिवाळीच्या साफसफाईत तिचे झाकण उघडले, तो भाता उंदरांनी कुरतडलेला. ती पुन्हा झाकून ठेवली. मनात म्हटले, निवृत्त झाल्यावर पाहू.

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी डॉक्टरांनी रक्तातील साखर तपासून कागद माझ्या हाती दिला. मधुमेह होता. तो कागद मी पर्समध्ये घातला आणि पुन्हा कामाला लागले. माझे डोळे उघडले ते त्या कागदाने नव्हे.

पुढील महिन्यात एका पाड्यावरील शाळेत गेले होते. दुपारचा पोषण आहार वाढण्याची वेळ होती. आपणास ठाऊकच आहे की, मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने अन्नाची चव घ्यावयाची असते. त्या दिवशी मीच खिचडीचा एक घास घेतला, नोंदवहीत सही केली आणि निघाले. तिसरीतील एक मुलगी ताट घेऊन रांगेत उभी होती. तिने विचारले, "बाई, तुम्ही एक घास खाऊन सही करता. मग जेवता कुठं?"

मला उत्तर देता आले नाही. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलाच्या ताटात ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने पडली पाहिजेत, हे मी शेकडो सभांतून सांगितले आहे. माझ्या स्वतःच्या ताटाचा हिशेब मात्र मला कोणीही कधी विचारला नव्हता. तो त्या मुलीने विचारला. मुले आपले बोलणे ऐकतात, त्याहून अधिक आपले वागणे पाहतात. 'हात धुऊन, बसून, सावकाश जेवावे' हा पाठ शिकविणारी बाई उभ्याउभ्या एक घास गिळून जाते, हाही मुलांच्या दृष्टीने एक पाठच असतो.

त्यानंतर मी काय केले? मोठे असे काहीच केले नाही. येथे मला बोर्डी आणि कोसबाडच्या कार्याची आठवण होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. मोठी मुले गुरे राखावयास जातात म्हणून शाळेत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी कुरणातच शाळा भरविली. तीच कुरणशाळा. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे त्यांचे सूत्र आपण शिक्षणशास्त्रात अभ्यासले आहे. मी ते माझ्या दिवसाला लावून पाहिले. माझा दिवस व्यायामशाळेत जाऊ शकत नाही. मग व्यायामाने माझ्या दिवसाकडे यावे.

प्रथम पाणी आणि जेवण. पिशवीत पाण्याची बाटली आणि डब्यात दोन भाकऱ्या, ही माझी पोढी. भाकरी कधी नाचणीची, कधी ज्वारीची. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हे आपण मुलांना सांगतोच. बरोबर वालाची अथवा मुगाची उसळ, आणि हंगामातील भाजी. पावसाळ्यात टाकळा, एरवी शेवग्याचा पाला. यांतील कोणतीही वस्तू शहरातून आणावी लागत नाही. जेथे शाळा, तेथे मुलांच्या पंगतीत बसून जेवावयाचे, हा नियम केला. आणि शाळेच्या स्वच्छतागृहाचे दार, कडी व पाणी हा विषय मी आता प्रत्येक शाळाभेटीत पहिला तपासते. जेथे शिक्षिका आणि मुली पाणी पिण्यास कचरतात, तेथे आरोग्यावर भाषण करण्यात अर्थ नाही.

दुसरे चालणे. प्रौढ माणसाने आठवड्यास किमान १५० मिनिटे, दमछाक न होईल पण श्वास थोडा वाढेल असे चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पूर्वी सलग दहा मिनिटांहून कमी चालणे हिशेबात धरीत नसत. २०२० च्या मार्गदर्शनानंतर थोडे थोडे चालणेही जमेस धरले जाते. ही आपल्यासाठी फार मोलाची सवलत आहे. गाडी येईतो मी फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालते. रिक्षा पाड्याच्या अलीकडे सोडते. रविवारी सकाळी येथे, या राष्ट्रीय उद्यानात येते. बोरीवलीकरांचे हे मोठे भाग्य आहे. सुमारे शंभर चौरस किलोमीटरचे अरण्य आमच्या दाराशी आहे. भिक्षूंचे चंक्रमण ते याहून काय वेगळे असेल?

तिसरा छंद. पेटीचा भाता मी दुरुस्त करून घेतला. रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटे, त्याहून अधिक नाही. बोटे आखडली आहेत आणि सूर चुकतात; शेजारी सहन करतात. या पंधरा मिनिटांनी माझ्या वर्गभेटी सुधारल्या काय, असे विचाराल तर मला सांगता येणार नाही. छंद अध्यापनास उपयुक्त असावा, असे मी मुळीच म्हणणार नाही. तसे म्हटले की उद्या त्याचाही तक्ता मागवावा लागेल! छंदास सामग्री लागते, असेही नाही. डहाणू भागातील वारली भगिनी ज्या भाताच्या लावणीत राबतात, ज्या तांदळाची भाकरी खातात, त्याच तांदळाच्या पिठाने लग्नघरी गेरूच्या भिंतीवर चौक लिहितात. काम, अन्न आणि कला तिन्ही एकाच धान्यात! त्याच परंपरेतून जिव्या सोमा म्हशे यांच्यासारखा कलावंत पुढे आला आणि २०११ साली पद्मश्रीने गौरविला गेला.

माझी साखर आज आटोक्यात आहे. औषध सुटलेले नाही आणि डॉक्टरांना विचारल्यावाचून कोणी ते सोडूही नये. आठवड्यातून एखादे दिवशी माझा सारा क्रम मोडतो. गाडी चुकते, सभा लांबते, वडापाव खाल्ला जातो. दुसरे दिवशी पुन्हा डबा भरावयाचा. अपराधी वाटून घेण्यात शक्ती दवडू नये, इतके मी शिकले आहे.

आता चौथी आणि शेवटची गोष्ट, ती म्हणजे कामाची. आपणांपैकी कोणी मनात म्हणत असेल, "बाईंना हे सांगणे सोपे आहे. रात्री दहा वाजता भ्रमणध्वनीवर 'तातडीने माहिती पाठवा' असा संदेश येतो, तो कोणाचा?" हा आक्षेप न्याय्य आहे. त्यांतील काही संदेश माझेच असतात. वरून आलेली मागणी मी तशीच खाली सरकविते आणि आपली संध्याकाळ जाते. शिक्षकाने आपल्या दिवसात पोढी कोरावी असे सांगावयाचे आणि रात्री आपणच तिच्यात दगड टाकावयाचे, हे योग्य नव्हे.

म्हणून आपणा सर्वांसमक्ष एक वचन देते. सायंकाळी सहानंतर माझ्याकडून माहितीची मागणी येणार नाही. वरिष्ठांकडून उशिरा आलेली मागणी मी दुसऱ्या दिवशी शाळेच्या वेळेत पाठवीन आणि विलंबाचे उत्तर मी देईन. निवडणूक अथवा आपत्ती यांसारखे प्रसंग अर्थातच वेगळे. चुकून माझा संदेश रात्री आलाच, तर त्याचे उत्तर सकाळी द्यावे, आणि पुढील सभेत मला उभे करून जाब विचारावा. हे वचन परिपत्रक पुस्तिकेत छापून यावे, अशी विनंती मी संपादकांना करीत आहे. म्हणजे मला विसरता येणार नाही. कान्हेरीच्या दात्यांनी आपले दान दगडावर कोरविले, ते याच हेतूने असेल.

आपणही येथून जाताना एकच गोष्ट ठरवावी. चार नव्हे, एक. डबा म्हणा, फलाटावरची फेरी म्हणा, पंधरा मिनिटांचे वाचन, भरतकाम वा बासरी म्हणा. तिची वेळ ठरवावी आणि घरच्या माणसांना ती सांगून ठेवावी.

त्या तिसरीतल्या मुलीस मी पुढल्या भेटीत उत्तर दिले. तिच्याच पंगतीत, तिच्या शेजारी बसले. तिने माझ्या ताटातील भाकरीकडे पाहिले, आणि काही न बोलता आपल्या ताटातील लोणच्याची फोड माझ्या ताटात ठेवली. डॉक्टरांनी लोणचे कमी करावयास सांगितले आहे. त्या दिवशी मी ते खाल्ले.

आता आपलीही पंगत मांडू या. सर्वांनी हात धुऊन, बसून, सावकाश जेवावे, आणि उरलेसुरले व कागद या अरण्यात न टाकता परत न्यावेत. इतके बोलून मी आपली रजा घेते.