टोमॅटोस ताण किती द्यावा?

संत्र्याच्या झाडास बहार धरण्यापूर्वीं ताण द्यावयाचा, हें नागपूरकडील बागवान पिढ्यान्‌पिढ्या जाणत आला आहे. पाणी तोडलें कीं झाड कांहीं काळ निपचित उभें राहतें. पुढें पाणी मिळतांच फुलांनीं लहडतें. हाच न्याय टोमॅटोस लावूं पाहणारा शेतकरी मात्र फसतो. संत्र्याचा ताण फुलापूर्वींचा असतो. टोमॅटोच्या झाडावर फुलें व फळें एकाच वेळीं वाढत असतात, आणि ऐन फुलोऱ्यांत पाणी तुटलें तर फूल देठासह गळून पडतें. मागाहून कितीहि पाणी दिलें तरी तें परत येत नाहीं.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें १९७९ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत, लावणीनंतर ९० ते १२० दिवस उभ्या राहणाऱ्या टोमॅटोस ४०० ते ६०० मिलिमीटर पाणी लागतें असें धरलें आहे. त्यांतील प्रमाणानें पाहतां, फुलोऱ्याच्या काळीं पाण्याची शेंकडा १० तूट पडली तर उत्पन्न शेंकडा ११ नें घटतें. फळ पोसतांना ८ नें, आणि फळ पिकूं लागल्यावर केवळ ४ नें. तूट तीच, फरक वेळेचा.

मग ताण द्यावाच कशाला, अशी शंका येईल. पिकलेल्या टोमॅटोंत शेंकडा ९४ च्या आसपास पाणीच असतें. पिकतांना तें कमी पडलें तर फळ लहान राहतें, पण त्यांतील साखर व आंबटपणा दाटतो आणि चव वाढते. रस आटविणाऱ्या कारखानदारास या दाटपणाची किंमत चांगली कळते. रसांत घन पदार्थ शेंकडा ५ असतील, तर शेंकडा ३० घनतेचा एक किलो लगदा करण्यास ६ किलो रस लागतो व ५ किलो पाणी आटवावें लागतें; तेंच प्रमाण ६ झालें तर ५ किलो रस पुरतो आणि ४ किलो पाणी उडवून भागतें. शेतकऱ्यानें पंपानें चढविलेलें पाणी कारखान्यानें इंधन जाळून उडवावयाचें, असा हा विलक्षण व्यवहार आहे! म्हणूनच कॅलिफोर्नियांत, जेथें यंत्र सर्व फळें एकदांच काढतें, तेथें काढणीपूर्वीं कांहीं आठवडे पाणी कमी करीत शेवटीं बंद करितात.

नारायणगांवच्या बाजारांत मात्र टोमॅटो क्रेटवर विकला जातो. गोडी तेथें कोणी मोजीत नाहीं. आकार, रंग व टणकपणा पाहून भाव ठरतो. चवीसाठीं शेतकऱ्यानें वजन घालवावें, ही अपेक्षा चवीचे पैसे न देणाऱ्यानें करूं नये. शिवाय आपल्याकडे एकाच झाडावरून अनेक तोडे घ्यावयाचे असतात; खालचा घोस पिकत असतां वरचा फुलांत असतो, आणि एकास दिलेला ताण दुसऱ्यासहि बसतो.

खरें नुकसान अनियमित पाण्यानें होतें. आठ दिवस जमीन कोरडी ठेवून मग पाटभर पाणी सोडलें, कीं पिकत आलेल्या फळाचा गर एकाएकीं फुगतो, सालीस तितकें ताणणें साधत नाहीं आणि फळ देठाभोंवतीं तडकतें. दुसरा प्रकार अधिक फसवा. कच्च्या फळाच्या बुडाशीं काळा, चामड्यासारखा डाग पडतो. तो रोग समजून औषधें फवारलीं जातात. वास्तविक त्या जागीं कॅल्शियम पोंचलेला नसतो. काळ्या जमिनींत चुन्याचा तुटवडा सहसा नसतो. पण कॅल्शियम पाण्याच्या ओघाबरोबरच मुळांतून वर चढतो, आणि ओघ मंदावला कीं त्याचा मोठा वांटा पानें ओढून घेतात. फळाचें टोंक उपाशी राहतें.

ठिबकाच्या नळीनें रोज वा एक दिवसाआड थोडें थोडें पाणी देतां येतें, हा तिचा मोठा लाभ. तरीहि नळीवर विसंबून राहणें बरें नव्हे. मुळांजवळची वीतभर खोलीची माती मुठींत दाबून पाहावी. गोळा वळला व हातास चिखल लागला नाहीं, तर वाफसा आहे असें समजावें. हलक्या मुरमाड रानांत तो लवकर उडतो, भारी काळ्या रानांत टिकतो. फुलोऱ्यापासून वरच्या घोसांचीं फळें पोसेपर्यंत तो मोडूं देऊं नये. तीं रंगावर आलीं आणि नवीं फुलें राखावयाचीं नाहींत असें ठरलें, म्हणजे पाणी हळूहळू उतरवावें; एकदम तोडूं नये.