पेरणीची तारीख आणि रानातली ओल



जपानात सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून आवडीने खातात. 'एडामामे' म्हणतात त्यांना. थंड मुलखातला शेतकरी दंव गोठायचे थांबले की हे पीक पेरतो आणि पुन्हा गोठायच्या आत शेंगा तोडतो.

आपल्या गंगाखेडला, गोदाकाठी, हे भय नाही. आपली पेरणी अडते ती ओलीवर. मृगाची एक सर आली की तिफण जुंपायची घाई होते. वरची दोन बोटे माती भिजते, दाणा फुगतो; पुढे उघडीप पडली की कोंब जळतो. मग दुबार पेरणी, म्हणजे पुन्हा बियाणे आणि पुन्हा उसनवारी. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या, रान उकरून ओल पाहा, मगच पेरा.

पण वाट तरी किती पाहायची? सोयाबीनचे फुलणे रात्रीच्या लांबीवर ठरते. उशिरा पेरलेले झाड पुरते वाढण्याआधीच फुलावर येते, आणि शेंगा कमी धरतात. तेव्हा १५ जुलैच्या आत पेरणी उरकावी.

शेंगा भरल्या, पण हिरव्या आहेत, तोवर घरच्यापुरत्या तोडाव्या. मात्र दाणा कच्चा खाऊ नये. चांगला उकडूनच खावा.

गुरुजींना एक विनंती. मे महिन्यातच गावातल्या मुलांकडून १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेववा. आठवड्यात ७० उगवले, तर ते बियाणे पेरण्याजोगे. शाळेत पर्जन्यमापक असेल तर रोजचा पाऊस फळ्यावर लिहा. येता-जाता गाव तो आकडा वाचील आणि पेरणीची घाई थोडी आवरेल.