जुन्या मोटारीचा ब्रेक

खंडाळ्याचा घाट उतरताना जुन्या मोटारीच्या चालकास कधी कधी विलक्षण अनुभव येतो. अर्धा घाट सरेपर्यंत ब्रेक उत्तम लागत असतो. मग एखाद्या वळणावर पेडल एकाएकी मऊ होते आणि थेट तळाशी जाते. खालचा गिअर टाकून, हँडब्रेक ओढून चालक कशीबशी गाडी कडेला घेतो. अर्ध्या तासाने पाहावे, तो पेडल पूर्ववत घट्ट! खोपोलीचा मिस्त्री चारही चाके न्याहाळतो. गळती कोठेच दिसत नाही. मालक सुटकेचा नि:श्वास टाकून पुढे निघतो. वस्तुतः दोष गेलेला नसतो. तो केवळ निवलेला असतो.

उत्तरपाड्यास २०१४ पर्यंत तयार होणारी अँबॅसडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट, म्हणजेच पुढची पद्मिनी, या गाड्यांनी भारतातील रस्ते कित्येक दशके व्यापले होते. मुंबईची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली. तरी हौसेने जपलेल्या अशा गाड्या अद्यापि पाहावयास मिळतात. त्यांच्या जुन्या नमुन्यांत चारही चाकांना ड्रमब्रेक असतो आणि चारही चाकांना दाब पोहोचविणारा तेलाचा मार्ग एकच असतो. एक नळी फुटली की चारही चाके एकदम निराधार होतात. उरतो तो स्वतंत्र तारेने ओढला जाणारा हँडब्रेक. म्हणून तो नेहमी सुस्थितीत ठेवावयास हवा.

या यंत्रणेचे तत्त्व सोपे आहे. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात दाखविले. पायाचा दाब मास्टर सिलिंडरमधून नळ्यांवाटे प्रत्येक चाकाच्या लहान सिलिंडरात जातो. तेथील दट्टे ब्रेकशू बाहेर ढकलतात आणि शूवरील लायनर फिरत्या ड्रमला घासतो. द्रव दाबला जात नाही, वायू मात्र दाबला जातो. एवढे ध्यानी ठेवले की निम्मे निदान झालेच.

घाटातील कोडेही येथेच सुटते. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ जातीचे नवे ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेल्या ऑईलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. उतारावर ब्रेक सतत दाबून धरला की ड्रम तापतात, सिलिंडरातील ऑईल उकळते आणि पायाचा सारा दाब वाफ दाबण्यातच खर्च होतो. गाडी निवली की वाफेचे पुन्हा पाणी होते आणि पुरावा नाहीसा होतो. यावर उपाय म्हणजे सामान्यतः दर दोन वर्षांनी ऑईल बदलणे आणि ज्या गिअरात घाट चढावा, त्याच गिअरात तो उतरणे.

इतर दोषही पायाला आधीच कळतात. पेडल स्पंजासारखे लागते आणि दोनचारदा मारल्यावर घट्ट होते, तर नळीत हवा शिरली आहे. पहिल्या दाबाला खोल जाते, दुसऱ्याला वर येते, पण स्पर्श कठीण असतो, तर लायनर झिजले असून शू जुळवून घेतले पाहिजेत. पाय स्थिर ठेवला असताना पेडल हळूहळू खाली जाते आणि बाहेर गळतीही नाही, तर मास्टर सिलिंडरमधील रबरी वॉशर थकला आहे. ब्रेक लावताच गाडी डावीकडे ओढते, तेव्हा सारे डावे चाक उघडतात. परंतु पुष्कळदा उजव्या चाकाचा ब्रेकच कमी लागत असतो. त्याच्या लायनरवर तेल आले असेल किंवा सिलिंडर अडकला असेल. एखादे चाक ब्रेक सोडल्यावरही मोकळे फिरत नसेल, तर त्याचा हवा काढण्याचा निपल क्षणभर सैल करावा. चाक सुटले, तर जुनी रबरी नळी आतून फुगून दाब अडवीत असण्याचा संभव आहे.

दुरुस्तीचेही काही नियम आहेत. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली जाऊ नये. घोडीचा आधार द्यावा. जुन्या लायनरच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी. रबरी भागांना पेट्रोल वा इंजिनऑईल लावू नये. त्याने ते फुगतात. लायनर बदलावयाचे तर समोरासमोरच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत. शेवटी हवा काढावयाची ती सर्वांत दूरच्या, म्हणजे सामान्यतः मागच्या डाव्या चाकापासून. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल सैल करून बुडबुडे बाटलीतील ऑईलमध्ये सोडावेत आणि पेडल उचलण्यापूर्वी निपल आवळावा. टाकीतील ऑईल या काळात तळाशी जाऊ देऊ नये, नाहीतर नवी हवा आत शिरते. मग मोकळ्या मैदानात, मंद गतीने परीक्षा घ्यावी.

तेल कमी झाले की ओतावयाचे आणि निघावयाचे, ही सवय सर्वांत घातक होय. बंद यंत्रणेतील तेल आपोआप आटत नाही. ते कोठेतरी गळते, अथवा लायनर झिजल्यामुळे चाकांच्या सिलिंडरात अधिक सामावते. दोन्ही गोष्टींचा शोध त्याच दिवशी घ्यावयास हवा. अपघातानंतर ब्रेक एकाएकी गेला असे सांगण्यात येते. बहुधा त्याने कित्येक दिवस आधी सूचना दिलेली असते. खोपोलीहून निघणाऱ्या त्या मालकाने एकच प्रश्न स्वतःस विचारावा: या गाडीतील ऑईल शेवटचे केव्हा बदलले होते? उत्तर आठवत नसेल, तर त्याने तेथेच थांबावे.